कोर्टात अर्ज करू की प्रोबेशनमध्ये?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ३६ वर्षांच्या आहेत. एलएल.बी. झाल्यावर महाराष्ट्रातल्या एका जिल्हा बाल संरक्षण कक्षात त्या सहा वर्षं कंत्राटी विधी तथा परिविक्षा अधिकारी होत्या. १४ महिन्यांपूर्वी पतीच्या नोकरीमुळे, डिपेंडंट व्हिसावर, इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका शहरात आल्या. मुलगा सात वर्षांचा आहे. आठ महिन्यांत त्यांनी ‘काउंटी कोर्ट’मधल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसरच्या जागांसाठी नऊ आणि प्रोबेशनमध्ये, म्हणजे शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी परिविक्षा सेवेत, दोन अर्ज केले. अकराही अर्ज पहिल्याच चाळणीत बाद झाले, गुण सातपैकी दोन नाहीतर तीन. त्या लिहितात, “नाव आणि नागरिकत्व बघूनच नाकारत असावेत. इथली क्रिमिनॉलॉजीची मास्टर्स केल्याशिवाय दार उघडणार नाही असं वाटतं, पण फी झेपणारी नाही. सासरचे म्हणतात, वकील होऊन कारकुनी करणार का? कोर्ट धरू की प्रोबेशन, की सगळंच सोडून देऊ?”

ताई,

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. सहा वर्षं तुम्ही जे काम केलंत, त्याच्या अगदी शेजारचं काम इंग्लंडमध्ये हजारो माणसं करतात, आणि तुमच्या अर्जांत ते कुठे दिसलेलंच नाही. त्याकडे येतेच. आधी नाव आणि नागरिकत्वाचा प्रश्न सोडवू, कारण तो मनात राहिला तर पुढचा प्रत्येक अर्ज तुम्ही हरलेल्या मनाने भराल.

ब्रिटिश सिव्हिल सर्व्हिसच्या राष्ट्रीयत्वाच्या नियमांत ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांबरोबर, यूकेमध्ये काम करण्याचा हक्क असलेले राष्ट्रकुल देशांचे नागरिकही बसतात. भारत राष्ट्रकुलात आहे. तुमच्या डिपेंडंट व्हिसावर नोकरी करायला मुभा आहे. काही पदं फक्त ब्रिटिश नागरिकांसाठी राखीव असतात आणि जाहिरातीत तसं स्पष्ट छापलेलं असतं. कोर्टाच्या कचेरीतली आणि प्रोबेशनमधली नेहमीची पदं सहसा त्यात येत नाहीत. राहिलं नाव. पहिल्या चाळणीत अर्ज नाव झाकून तपासले जातात. म्हणूनच सीव्ही आणि निवेदनातून नाव, वय, विद्यापीठाचं नाव असं ओळख पटवणारं काहीही काढून टाका असं तिथे लिहिलेलं असतं. तपासणाऱ्यासमोर तुमचं आडनाव नसतं, फक्त तुमचे शब्द असतात. भेदभाव कुठेच होत नाही असा दावा मी करत नाही. पण अकरा वेळा दोन-तीन गुण पडले, याचं उत्तर आधी त्या शब्दांत शोधायला हवं. ते दुरुस्त करणं तुमच्या हातात आहे, ही त्यातली चांगली बाजू.

दुसरी गोष्ट. ‘काउंटी कोर्ट आणि प्रोबेशन’ हे तुम्ही एका दमात लिहिलं आहे, जणू एकाच इमारतीतली दोन टेबलं. तसं नाही. काउंटी कोर्ट हे दिवाणी न्यायालय. थकलेली बिलं, भाडेकरूकडून घराचा ताबा, ग्राहकांचे वाद, अपघाताची भरपाई असे दावे तिथे चालतात. १०,००० पौंडांपर्यंतचे साधे पैशांचे दावे ‘स्मॉल क्लेम्स’मध्ये जातात. तिथे आरोपी नसतो, शिक्षा नसते, म्हणून प्रोबेशनचा माणूसही नसतो. प्रोबेशनवाले फौजदारी खटले चालवणाऱ्या मॅजिस्ट्रेट्स कोर्टात आणि क्राउन कोर्टात बसतात. नावातल्या ‘काउंटी’मुळेही फसगत होते. २२ एप्रिल २०१४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये काउंटी कोर्ट एकच आहे, ते निरनिराळ्या शहरांत बसतं एवढंच. काउंटी कौन्सिलचा त्याच्याशी संबंध नाही, तेव्हा कौन्सिलच्या संकेतस्थळावर या जागा शोधण्यात वेळ घालवू नका. कोर्टाची भरती एचएमसीटीएस, म्हणजे हिज मॅजेस्टीज कोर्ट्स अँड ट्रायब्युनल्स सर्व्हिस करते. प्रोबेशनची भरती एचएमपीपीएस, म्हणजे तुरुंग आणि प्रोबेशन सेवा करते. दोन्ही न्याय मंत्रालयाच्या हाताखाली आहेत आणि दोन्हींच्या जागा ‘सिव्हिल सर्व्हिस जॉब्स’ या एकाच संकेतस्थळावर निघतात. शोधताना ‘काउंटी कोर्ट’ टाकलंत तर फार थोड्या जागा दिसतील. ‘एचएमसीटीएस’, ‘अशर’, ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर’, ‘केस ॲडमिनिस्ट्रेटर’, ‘प्रोबेशन सर्व्हिसेस ऑफिसर’ असे शब्द टाकून प्रत्येकाची वेगळी ईमेल सूचना लावून ठेवा.

(स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी: तुमच्याकडे काउंटी कोर्ट नाही, शेरिफ कोर्ट आहे. स्वतंत्र प्रोबेशन सेवाही नाही, ते काम स्थानिक कौन्सिलचे सोशल वर्कर करतात. उत्तर आयर्लंडमध्ये प्रोबेशन बोर्ड वेगळं आहे आणि तिथे प्रोबेशन ऑफिसरला सोशल वर्कची पदवी लागते. पुढचं उत्तर इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे.)

आता कोर्टातलं काम खरोखर काय असतं ते पाहा, म्हणजे ‘कारकुनी’ या शब्दाचं काय करायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर आलेले दावे आणि अर्ज तपासतो, फी आली का बघतो, फाइल न्यायाधीशापुढे ठेवतो, आदेश टंकून पक्षकारांना पाठवतो, फोन घेतो. ऐकायला सोपं वाटतं. पण मुदतींवर माणसांची घरं उभी असतात. पैशांच्या दाव्याचे कागद बजावल्यापासून उत्तराला १४ दिवस मिळतात. कागद पोचल्याची पोच देणारा फॉर्म भरला तर २८. प्रतिवादीचं उत्तर तेराव्या दिवशी आलं आणि कुणी ते चुकीच्या फाइलला लावलं, तर पंधराव्या दिवशी त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागू शकतो. तो निकाल सहा वर्षं नोंदीत राहतो आणि त्या माणसाला कर्ज, मोबाइलचा करार, कधी भाड्याचं घरसुद्धा मिळेनासं होतं. आपल्याकडच्या कोर्टात नाझर आणि शिरस्तेदाराच्या टेबलावर काय अडतं आणि काय सुटतं हे तुम्ही पाहिलेलं आहे. ते टेबल लहान असतं असं तुम्हाला वाटतं का?

अशरचं काम वेगळं. आपल्याकडे दाराशी उभा राहून पुकारा करणारा शिपाई असतो, त्याच्या जवळ जाणारं, पण पुष्कळ जास्त जबाबदारीचं. कोण आलं, कोण नाही, कुणाला दुभाषा हवा, कुणी वकिलाशिवाय आलंय, दोन्ही पक्षांना एका बाकावर बसवायचं की लांब, हे सगळं त्याने बघायचं. घराच्या ताब्याची यादी असते त्या दिवशी दहा वाजल्यापासून बाहेर घाबरलेली कुटुंबं बसलेली असतात आणि एकेका प्रकरणाला जेमतेम काही मिनिटं मिळतात. तिथे मृदू आवाजात ‘तुमच्या आधी अजून चौघे आहेत, तोवर ड्यूटीवरच्या सल्लागाराला भेटून घ्या’ असं सांगणारा माणूस लागतो. बेलिफही काउंटी कोर्टाचे नोकर असतात, पण त्यांना दारोदार जावं लागतं आणि घर रिकामं करून घ्यायच्या दिवशी उभं राहावं लागतं. सात वर्षांचं मूल घरी असताना सुरुवात त्या कामाने करावी असं मी म्हणणार नाही.

अर्ज भरण्याआधी अर्धा दिवस जवळच्या कोर्टात जाऊन बसा. खुल्या सुनावण्या कुणालाही बघता येतात. आत शिरताना सुरक्षा तपासणी होते. त्या दिवसाची यादी लावलेली असते. अशरला सांगायचं की मला बघायला बसायचं आहे, कुठल्या खोलीत बसू? काही खासगी सुनावण्यांना बसू देणार नाहीत, ते ठीक. एकदा मॅजिस्ट्रेट्स कोर्टातही जा, तिथे प्रोबेशनचा माणूस उभा राहून काय बोलतो ते ऐका. मुलाखतीत ‘हे काम का हवंय?’ असं विचारलं की तुमच्याकडे सांगायला स्वतः पाहिलेलं काहीतरी असेल.

आणि आता प्रोबेशन. इथे, ताई, मला तुमच्याशी थोडं भांडावंसं वाटतं. ‘माझा अनुभव भारतातला, लहान मुलांचा, तो इथे कोण विचारतो’ असं तुम्ही एका ओळीत उडवून लावलं आहे. तुम्ही केलेल्या कामाची रांग लावून बघू. मुलाला ताब्यात घेतल्याची खबर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत तुम्ही बाल न्याय मंडळाला सामाजिक तपासणी अहवाल देत होतात. त्यासाठी गृहभेट, शाळा, शेजारी, पोलीस ठाणं. मुलाचं व्यसन, घरातली मारहाण, पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता. मग मंडळापुढे उभं राहून शिफारस. इथला प्रोबेशनवाला शिक्षा ठरण्याआधी न्यायालयाला ‘प्री-सेंटेन्स रिपोर्ट’ देतो: गुन्हा कसा घडला, माणूस कुठल्या परिस्थितीत आहे, धोका किती, कोणती शिक्षा उपयोगी पडेल. कधी त्याच दिवशी तोंडी, कधी तारीख पुढे घेऊन लेखी. पुढे कम्युनिटी ऑर्डर, म्हणजे तुरुंगाऐवजी समाजात राहून भोगायची शिक्षा, झाली की ती पाळली जाते का ते बघतो. त्या ऑर्डरमध्ये ४० ते ३०० तासांचं विनामोबदला काम असू शकतं, व्यसनाचे उपचार असू शकतात. माणूस आला नाही तर इशारा, मग पुन्हा कोर्ट. कायदा वेगळा, वय वेगळं, संगणकावरच्या प्रणालींची नावं वेगळी, पण कामाचा कणा तोच आहे. आपल्याकडचा १९५८ चा परिविक्षा कायदा आणि इथला १९०७ चा कायदा यांची नावंसुद्धा सारखी आहेत, दोन्ही ‘प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट’.

पात्र प्रोबेशन ऑफिसर होण्याचा रस्ता पीक्यूआयपी या प्रशिक्षणातून जातो. ही पगारी नोकरी आहे. नोकरी करत करत विद्यापीठाचा अभ्यास करायचा असतो. गुन्हेगारी न्यायव्यवस्था, गुन्हा आणि गुन्हेगारी वर्तन, शिक्षेचं धोरण, गुन्हेगारांचं पुनर्वसन हे चार विषय पदवीत झाले असतील तर १५ महिने, नसतील तर २१. तुमच्या एलएल.बी.त चारही बसतील असं वाटत नाही, म्हणून २१ धरून चला. तेवढा काळ व्हिसा पुरायला हवा. परदेशी पदवीला यूके एनिककडून समकक्षतेचं पत्र लागतं (हीच संस्था पूर्वी नॅरिक म्हणून ओळखली जायची). त्यासाठी विद्यापीठाची गुणपत्रकं आणि पदवी प्रमाणपत्र लागेल. गावाकडच्या कपाटातून ते आताच मागवून घ्या, कारण ही भरती ठराविक काळातच उघडते आणि तेव्हा कागद गोळा करत बसलं की खिडकी बंद होते. अडचणीत सापडलेल्या, कठीण वागणाऱ्या माणसांबरोबर काम केल्याचा अनुभव हीसुद्धा अट असते. पुष्कळ ताज्या पदवीधरांचं घोडं इथेच अडतं. तुमच्याकडे तो सहा वर्षांचा आहे.

म्हणून मास्टर्सचा विचार सध्या बाजूला ठेवा. कोर्टाच्या कचेरीला ती लागत नाही, प्रोबेशन सर्व्हिसेस ऑफिसरला लागत नाही, आणि पीक्यूआयपीमध्ये जे शिकायचं ते तुम्हाला पगार घेऊन शिकता येतं. गाठीचे पैसे घालून मास्टर्स केली तरी शेवटी अर्जातला तोच २५० शब्दांचा चौकोन भरायचा आहे. तुम्ही अडखळताय ती जागा ती आहे.

त्या चौकोनाबद्दल सविस्तर लिहिते.

सिव्हिल सर्व्हिसच्या अर्जात ‘बिहेवियर्स’, म्हणजे कामातल्या वागणुकीचे निकष, असतात: डिलिव्हरिंग ॲट पेस, मॅनेजिंग अ क्वालिटी सर्व्हिस, वर्किंग टुगेदर अशी नऊ. जाहिरातीत त्यांतली दोन-चार मागतात. प्रत्येकासाठी २५० शब्दांत एक खरा प्रसंग लिहायचा. गुण एक ते सात, आणि चार म्हणजे ‘स्वीकारार्ह’. अर्ज फार आले तर एका मुख्य बिहेवियरवरच चाळणी लावतात. म्हणजे तीनवर अडकलेला माणूस फार दूर नसतो, पण त्याचं बाकीचं कुणी वाचतही नाही.

तुम्ही सोबत जोडलेल्या एका अर्जातला मजकूर मराठीत असा होतो: “आमच्या कक्षात कामाचा खूप ताण असे. तरी आम्ही सर्वांनी मिळून मुदतीत अहवाल सादर केले. मी नेहमीच वेळेला महत्त्व देते. वरिष्ठांनी आमचं कौतुक केलं.” यात खोटं काही नाही. पण तपासणाऱ्याला गुण देण्यासाठी एक धागा लागतो, की ‘या व्यक्तीने’ काय केलं. तुम्ही तीन वेळा ‘आम्ही-आमचं’ म्हटलंत आणि ‘मी’ आली ती फक्त स्वभाव सांगायला. आपल्याकडे ‘मी केलं, मी केलं’ म्हणणारा माणूस उथळ वाटतो, घरात तसं शिकवलेलंच असतं. ती सवय चांगली आहे, फक्त या फॉर्मपुरती ती कडेला ठेवावी लागते. सगळ्यांनी मिळून केलेल्या कामात तुमच्या हातून जे झालं तेवढंच ‘मी’ म्हणून लिहायचं. त्यात फुशारकी नाही.

तोच प्रसंग असा लिहून पाहा. आकडे आणि तपशील नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे खरे घाला.

“बाल संरक्षण कक्षात प्रत्येक मुलाचा तपासणी अहवाल दोन आठवड्यांत देणं कायद्याने बंधनकारक होतं. माझ्याकडे एका वेळी १४ अहवाल होते आणि त्यातले ५ मुदतीबाहेर गेले होते. मी पाचही फाइल काढून काम कुठे अडलं ते पाहिलं. चार प्रकरणांत कागदावरचा पत्ता अपुरा होता, त्यामुळे पहिली गृहभेट वाया गेली होती. म्हणून मूल मंडळापुढे पहिल्यांदा येई त्याच दिवशी मी पालकांकडून पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि दोन फोन नंबर स्वतः घेऊ लागले. वहीत मुदतीची तारीख आधी लिहून तिथून मागे मोजत दिवस ठरवले: आठव्या दिवसापर्यंत गृहभेट, अकराव्याला मसुदा, तेराव्याला सही. एका मुलाची आई रात्रपाळीला होती, म्हणून मी भेट सकाळी सातला ठेवली. दोन अहवाल वेळेत होणार नाहीत हे दिसताच आठवडाभर आधी वरिष्ठांना सांगितलं आणि एक भेट सहकाऱ्याला देण्याची परवानगी घेतली. तीन महिन्यांनी माझा एकही अहवाल मुदतीबाहेर नव्हता. पत्ता घेण्याची ही पद्धत कक्षातल्या इतर दोघांनीही उचलली.”

फरक कुठे आहे ते बघा. परिस्थिती दोन वाक्यांत संपली. मधला सगळा भाग कृतीचा आहे, आणि प्रत्येक कृतीला ‘का’ जोडलेला आहे. शेवटी मोजता येणारा परिणाम. २५० शब्दांतले दीडशे तरी या मधल्या भागाला द्यावेत. बहुतेकांचे शंभर शब्द संस्थेची ओळख करून देण्यातच जातात, आणि भारतातून आलेल्यांचे जास्तच, कारण इथल्या माणसाला कक्ष, मंडळ, आयोग सगळं समजावून सांगावंसं वाटतं. ‘चाइल्ड प्रोटेक्शन युनिट’ एवढं पुरे. ‘स्वभावाने मी शिस्तप्रिय आहे’ यासारखी वाक्यं काढून टाका, त्यांना गुण नाहीत. एका चौकोनात एकच प्रसंग. दोन कोंबले की दोन्ही उथळ होतात. मुलांची नावं, गावं, गुन्ह्याचा ओळखू येईल असा तपशील मात्र कुठेही येऊ देऊ नका. आपला बाल न्याय कायदाही मुलाची ओळख उघड होऊ देत नाही, आणि इथे गोपनीयता न पाळणारा उमेदवार तिथल्या तिथे नजरेतून उतरतो. एआयकडून लिहून घेतलेला प्रसंगही नको. भाषा तपासून घेणं वेगळं, पण प्रसंग तुमचा आणि खरा हवा, नाहीतर अर्ज रद्द होऊ शकतो.

असे पाच-सहा प्रसंग शांतपणे बसून लिहून ठेवा: मुदत गाठलेला, चिडलेल्या माणसाला हाताळलेला, कामाची पद्धत सुधारलेला, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेतलेला, दुसऱ्या खात्याशी जुळवून घेतलेला. मग प्रत्येक जाहिरातीसाठी त्यातला योग्य तो घ्यायचा आणि त्या बिहेवियरचं त्या श्रेणीपुरतं वर्णन समोर ठेवून घासायचा. ही वर्णनं सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि श्रेणीनुसार बदलतात. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसरच्या अर्जात वरच्या अधिकाऱ्याच्या थाटात धोरणाच्या गोष्टी लिहिल्या तरी गुण जातात.

काही बारीक गोष्टींत माणसं नेहमी अडकतात. मुदत बहुधा शेवटच्या दिवशी रात्री ११.५५ ला संपते, बाराला नाही. मुदत संपली की जाहिरात दिसेनाशी होते आणि मुलाखतीला बोलावतात तेव्हा त्यात काय मागितलं होतं ते आठवत नाही. म्हणून अर्ज करतानाच तिची पूर्ण प्रत जपून ठेवा. एका जाहिरातीत अनेक शहरं असतात. शक्यता वाढेल म्हणून सगळ्यांवर खूण करू नका, कारण लांबच्या शहराची जागा देऊ केली आणि तुम्ही नाकारली तर यादीतून नाव जाऊ शकतं. शाळेच्या वेळा सांभाळून रोज खरोखर जाता येईल तेवढीच निवडा. अर्ध्या वेळेची किंवा दोघांत वाटलेली नोकरी चालेल का हे बऱ्याच जाहिरातींत लिहिलेलं असतं. नसेल तर अर्जाआधी दिलेल्या पत्त्यावर ईमेल करून विचारा. असं विचारल्याने गुण कमी होत नाहीत.

निवड झाल्यावरची तपासणी हा तुमच्यासारख्यांचा खरा अडथळा आहे, आणि त्याची तयारी अर्जाआधी करता येते. ओळख, कामाचा हक्क, गेल्या तीन वर्षांत काय करत होतात, गुन्ह्याची नोंद हे सगळं बघतात. मध्ये काम नव्हतं तो काळही भरून दाखवावा लागतो. तुमच्या तीन वर्षांतली दोनेक वर्षं भारतात गेली, तेव्हा तिथलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागू शकतं. ते भारतीय उच्चायोगाच्या सेवाकेंद्रातून इथूनच मागवता येतं, पण लगेच हातात पडेल अशा भरवशावर राहू नका. काही पदांसाठी, विशेषतः प्रोबेशनकडे, यूकेमधल्या वास्तव्याचा काळही बघतात. जाहिरातीतला व्हेटिंगचा (पार्श्वभूमी तपासणीचा) परिच्छेद आधी वाचा, आणि १४ महिन्यांचं वास्तव्य चालेल का हे लेखी विचारून घ्या, म्हणजे महिनाभराची मेहनत वाया जायची नाही. जुन्या कार्यालयाकडून लेटरहेडवर अनुभवपत्र आणा: पदनाम, कधीपासून कधीपर्यंत, कामाचं स्वरूप, सही करणाऱ्याचं पद आणि कार्यालयाचा अधिकृत ईमेल. साहेबांचा खासगी ईमेल दिला की संदर्भ तपासणारे थांबतात. कंत्राटी नेमणूक ११-११ महिन्यांची असेल तर प्रत्येक आदेशाची प्रत जोडून मधले खंड समजावून सांगा.

मराठी, हिंदी येते म्हणून कोर्टात दुभाषी व्हावं का, असंही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. ते काम नोकरी म्हणून नसतं, बोलावलं तर मिळतं, त्यासाठी सार्वजनिक सेवांतल्या दुभाषाची वेगळी पात्रता मिळवावी लागते आणि मराठीला मागणी थोडी. जोडकाम म्हणून पुढे बघता येईल, घर त्यावर चालणार नाही.

मग कोर्ट की प्रोबेशन? तुमच्या पत्रात दोन्ही नावं आहेत, पण जीव कुठे आहे ते लपत नाही. अहवाल लिहून सोडलेल्या त्या मुलांबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय, कोर्टाच्या कचेरीबद्दल तीन ओळी. माझं मत प्रोबेशनकडे झुकतं, पण सुरुवात प्रोबेशनच्या कचेरीतल्या ‘केस ॲडमिनिस्ट्रेटर’ किंवा ‘प्रोबेशन सर्व्हिसेस ऑफिसर’पासून करावी असं वाटतं. दुसऱ्या पदाला पदवीची अट नाही, लेव्हल ३ ची (साधारण बारावीच्या तोडीची) पात्रता कामावर असताना मिळवायची असते, आणि कमी ते मध्यम धोक्याच्या माणसांची जबाबदारी लवकर हातात येते. आत राहून व्यवस्था कळली की पीक्यूआयपीचा अर्ज वेगळ्याच वजनाचा होतो. हे काम सोपं नाही हेही स्पष्ट सांगते. माणसं कमी आणि फाइली जास्त असतात, लैंगिक गुन्ह्यांचे आणि घरगुती हिंसेचे तपशील रोज वाचावे लागतात, काही संध्याकाळी थांबावं लागतं. निरीक्षणगृहातल्या दिवसांनंतर घरी आल्यावर तुम्हाला झोप लागत असे का, हे तुमचं तुम्हीच आठवून बघा. नसेल, तर कोर्टाची कचेरी हा पराभव समजू नका. ती ३७ तासांच्या आठवड्याची, मुलाच्या शाळेशी जुळवून घेता येईल अशी, न्यायाच्या कामातली चांगली नोकरी आहे, आणि तिथूनही वरच्या श्रेणीत किंवा प्रोबेशनमध्ये जाता येतं. वास्तव्याच्या अटीमुळे प्रोबेशन लांबलं तर तोवर तिथेच अर्ज चालू ठेवा. सासरच्यांना एवढंच सांगा की इथे वकिली करायची तर वेगळ्या परीक्षा आणि वेगळा खर्च आहे. तो रस्ता उद्याही उघडा असेल, आज घराला आणि तुम्हाला काय हवंय ते आधी बघू.

दरम्यान इथला सहा महिन्यांचा अनुभव कमवा. सिटिझन्स ॲडव्हाइस या लोकांना मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक होता येतं, प्रशिक्षण तेच देतात. कर्ज आणि घरभाड्याच्या अडचणी घेऊन येणाऱ्या माणसांबरोबर बसलात की काउंटी कोर्टाचे फॉर्म दुसऱ्या बाजूने कळतात. फोनवरचं इंग्रजी मोकळं होतं, आणि यूकेमधला एक संदर्भ मिळतो. उच्चारांची काळजी सोडा, फक्त वेग कमी करा. व्हिडिओ मुलाखतीत एका वाक्यानंतर श्वास घेतलात तरी पुष्कळ झालं.

आणि गाडी. काही प्रोबेशनच्या पदांना, विशेषतः शहराबाहेरच्या, ड्रायव्हिंग लायसन्स मागतात. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येतं. तुमचे १४ झालेत, म्हणजे अजून चालवत असाल तर आजच थांबवा. प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स काढा, थिअरीचा अभ्यास सुरू करा. प्रत्यक्ष परीक्षेची तारीख मिळायला बराच काळ जातो, तेव्हा हे काम अर्जांच्या मागे न ठेवता बरोबरीने चालू द्या.

मुलाखतीत पास झालात पण जागा संपल्या, तर नाव बहुधा १२ महिन्यांपर्यंत राखीव यादीत राहतं. अनेक जण त्याला नकार समजून ईमेल बघायचं सोडून देतात. तसं करू नका. पाच महिन्यांनीही बोलावणं येतं, उत्तर द्यायला दोन-चार दिवसच मिळतात, आणि ते पत्र स्पॅममध्ये जाऊन पडलेलं असू शकतं.